चाकाच्या पोटातले गिअर

दिवाळी संपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपनीचा मंडप ज्या गावी पडतो, तिथे रात्रभर सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. मोटारसायकली वाढल्या, तरी हे दृश्य अजून पुरते गेलेले नाही. या सायकलींकडे जरा तांत्रिक नजरेने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. म्हाताऱ्या बाबाजींची काळी सायकल असो की शाळकरी मुलीला सरकारकडून मिळालेली असो, जवळपास प्रत्येकीला एकच गिअर असतो. सपाटीवर, चढावर, रेतीत, मोहाचे पोते लादलेले असताना आणि रिकामी असताना पाय तेवढ्याच वेळा फिरतात आणि सायकल तेवढीच पुढे जाते.

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि सायकल हा माझा त्याहून जुना नाद. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या वाटांवर लांबचा प्रवास करण्यासाठी मी एका काळ्या सायकलीत हळूहळू बदल करत गेलो. त्या कामातून दोन प्रश्न निघाले. जंगलवाटेला सर्वांत सोयीचा गिअर कोणता? आणि तो शंभराहून अधिक वर्षे जगात असताना आमच्या भागात का दिसत नाही? या लेखात त्यांचा माग घेतला आहे.

वाट कशी आहे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपूरचाच, म्हणजे जुना चांदा जिल्हा. चंद्रपूर ते गडचिरोली हा मूल-सावलीवरून जाणारा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. धानाच्या बांध्या, तलाव, मधूनच सागाचे रान. वैनगंगा ओलांडून दक्षिणेकडे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत गेले की रान दाट होते. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. आलापल्लीहून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. या वाटेवर एकच मोठा घाट नाही, पण छोटे चढ-उतार पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक उताराच्या तळाशी नाला असतो. एटापल्लीकडे वळले की सूरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीने उखडलेले रस्ते आणि लाल धूळ.

हवामानाची तऱ्हा वेगळी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दरवर्षीची. काळ्या कन्हार मातीचा चिखल चाकाला असा धरतो की मडगार्डमधून चाक फिरत नाही. म्हणजे इथल्या सायकलीला उंच पर्वत चढण्याची ताकद कमी लागते. धूळ, चिखल, रेती आणि बांबूच्या काड्या सोसण्याची ताकद जास्त लागते.

शहरात मिळणाऱ्या गिअरच्या सायकलींना मागच्या चाकाशी पाच-सात दातेरी चकत्या असतात आणि चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा एक हात खाली लोंबत असतो. याला डिरेलर म्हणतात. स्वच्छ डांबरी रस्त्यावर ही रचना उत्तम. हलकी आणि कार्यक्षम. पण लोंबणारा हात जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतो. बांबूची काडी त्यात शिरली की तो वाकतो, कधी उलटा फिरून स्पोकमध्ये जातो. शिवाय पायडल फिरत असतानाच गिअर बदलतो. चढाच्या मध्यावर गाईंचा कळप आडवा आला आणि थांबावे लागले, तर ज्या जड गिअरमध्ये थांबलो त्यातच पुन्हा निघावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे सारे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्येच बंद करून टाकायचे. बाहेरून पाहिले तर एक चेन, पुढे एक चक्र, मागे एक चक्र. एकगिअरी सायकलच वाटते. फक्त हब थोडे जाड असते आणि त्यातून एक केबल हँडलपर्यंत गेलेली असते.

तिवडा आणि बैल

या हबच्या आतली रचना वर्गात समजावून सांगताना मी खळ्याचा दाखला देत असे. मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असतो आणि बैलांची पात त्याच्याभोवती फिरते. हबमध्येही मधोमध एक दातेरी चाक असते आणि ते आसाला घट्ट धरलेले, न फिरणारे असते. हा तिवडा. त्याला इंग्रजीत सूर्याचे नाव दिले आहे. त्याच्याभोवती तीन-चार छोटी दातेरी चाके फिरतात. ती ग्रह, म्हणजे आपले बैल. ही सारी एका पिंजऱ्यात बसवलेली असतात. त्यांच्या बाहेरून एक मोठे कडे असते, ज्याचे दाते आतल्या बाजूला असतात. ग्रह तिवड्याला चिकटून फिरताना या कड्यालाही ढकलतात.

आता गंमत अशी, की पिंजरा एक फेरा फिरला की बाहेरचे कडे एका फेऱ्याहून जास्त फिरते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू या प्रसिद्ध तीनगिअरी हबमध्ये तिवड्याला २० दाते आणि कड्याला ६० दाते असतात. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश; म्हणून पिंजऱ्याच्या एका फेऱ्यात कडे एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. चेनची ओढ पिंजऱ्याला दिली आणि चाक कड्याला जोडले, तर चाक ३३ टक्के जास्त फिरते: हा जड गिअर. उलट ओढ कड्याला दिली आणि चाक पिंजऱ्याला जोडले, तर चाक पाऊण फेराच फिरते: हा हलका गिअर. ग्रहांना मध्ये न घेता ओढ सरळ चाकाला दिली की मधला गिअर. तीन गिअर मिळाले, आणि चेन जागची हलली नाही. केबल ओढली-सोडली की आतला एक छोटा क्लच सरकतो आणि कोण कोणाला जोडले जाईल ते ठरते.

यामुळे उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. नाल्यातल्या रेतीत चाक रुतायच्या आधी, पायडल थांबवून, एका क्षणात हलक्या गिअरवर येता येते. जंगलवाटेवर हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसरा गुण असा, की चेन नेहमी एका सरळ रेषेत चालते. ती जाड, साधी, कोणत्याही आठवडी बाजारात मिळणारी चेन असते आणि तिच्यावर पूर्ण झाकण बसवता येते. लाल धुळीच्या प्रदेशात झाकलेली चेन किती जास्त टिकते हे वेगळे सांगायला नको.

किंमत मोजावी लागते ती वजनात आणि थोड्या घर्षणात. ग्रहांमधून ओढ जाताना काही टक्के शक्ती दातांच्या घासण्यात जाते. स्वच्छ, तेल दिलेल्या डिरेलरच्या तुलनेत हे हब थोडे मागे पडते. चिखलाने भरलेल्या डिरेलरशी तुलना केली तर हिशेब फिरतो.

नॉटिंगहॅमहून आसनसोलपर्यंत

स्टर्मी-आर्चरचे तीनगिअरी हब १९०२ सालचे. हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावे त्याला मिळाली, तरी त्याच्या रचनेत विल्यम रायली या कारागिराचा वाटा मोठा होता असे सायकलच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. रॅले कंपनीच्या फ्रँक बाउडनने ते उचलले आणि नॉटिंगहॅममध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. १९३६च्या सुमारास आलेले एडब्ल्यू हब इतके टिकाऊ निघाले, की त्याची मूळ रचना अजूनही चालू आहे. २००० साली नॉटिंगहॅमचा कारखाना बंद पडला आणि यंत्रसामग्रीसह हे नाव तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेले.

रॅलेचा भारताशी संबंध जवळचा. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हीरो. आपण ज्या चौकटीला ‘साधी काळी सायकल’ म्हणतो ती मूळ इंग्लिश रोडस्टर होती. चौकट आली, दांड्याचे ब्रेक आले, चामड्याची सीट आली. गिअरचे हब मात्र मागे राहिले. ज्या मोजक्या सायकलींना ते होते त्या विलायतेहून आलेल्या, साहेबांच्या किंवा वकील-डॉक्टरांच्या. इतिहासकार डेव्हिड आर्नल्ड यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात सायकल, शिलाई मशीन, टंकयंत्र आणि भाताची गिरणी यांना भारताच्या रोजच्या जगण्यातली आधुनिक यंत्रे म्हणून एकत्र मांडले आहे. झाडीपट्टीतल्या माणसाला या यादीतल्या सायकलीची आणि धानाच्या गिरणीची जोडी लगेच पटेल. दोन्ही यंत्रे गावात रुजली, कारण गावातला माणूस ती खोलू शकत होता. एका गिअरची सायकल स्वस्त पडते हे खरेच, पण तिचा दुसरा मोठा गुण हा, की तिच्यातला प्रत्येक छर्रा गावात मिळतो.

सायकलवरच्या लांबच्या प्रवासाची परंपरा मात्र या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली आणि डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुण-तरुणी निघाले ते सायकलींवर. पाठीच्या विकारामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे पडून सोबत होते. १९८८ मध्ये दुसरी यात्रा इटानगरहून ओख्याला गेली. भारताची लांबी आणि रुंदी सायकलने मापण्याची कल्पना या मातीतून निघाली, हे आज सायकलचा छंद असलेल्या अनेकांना माहीत नसते.

इकडे जगात हब पुढे जात राहिले. १९९८ साली जर्मनीतल्या रोलॉफ कंपनीचे १४ गिअरांचे हब बाजारात आले. त्याच्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये सव्वापाच पटींचा फरक आहे आणि ते तेलात बुडून चालते. दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तेल बदलायचे. जगप्रवासी सायकलस्वारांचे ते लाडके आहे. किंमत लाख रुपयांच्या वर. जपानच्या शिमानोचे आठगिअरी नेक्सस हब त्यामानाने पुष्कळ स्वस्त. त्यातला फरक सुमारे तीन पटींचा आणि नेदरलँड्समध्ये रोजच्या वापराच्या सायकलींना ते सर्रास असते. माझ्याकडे आले ते हेच. भाच्याने तिकडून एका जुन्या सायकलचे मागचे चाक आणून दिले.

एक बदल दुसऱ्याला बोलावतो

काळ्या सायकलीच्या चौकटीत असे चाक बसवणे किती सोपे आणि किती अवघड, ते क्रमाने सांगतो.

सोपे यासाठी, की काळ्या सायकलीच्या मागच्या खाचा आडव्या असतात. चाक मागे ओढून चेन ताणता येते. महागड्या गिअरच्या सायकलीत खाचा उभ्या असतात, कारण चेन ताणण्याचे काम डिरेलरच करतो. तिथे हबगिअर बसवायचा तर वेगळा ताण देणारा जोड लागतो. म्हणजे या कामात आपली जुनी सायकल आधुनिक सायकलीपेक्षा सरस ठरते. शिवाय चौकट पोलादी. ॲल्युमिनियम वाकवले तर तडकते. पोलाद वाकवता येते आणि तुटले तर गावात जोडता येते.

अवघड भाग रुंदीचा. माझ्या चौकटीच्या मागच्या खाचांमधले अंतर ११२ मिलिमीटर भरले. नव्या हबला १३२ हवे होते. मिस्त्रीने आट्यांचा लांब दांडा घेऊन त्यावर दोन नट चढवले, तो खाचांमध्ये आडवा धरला आणि नट उलटे फिरवत चौकट हळूहळू फाकवली. दोन्ही बाजू सारख्याच फाकल्या की नाही, हे पाहायला सुतळी पुरते. एका खाचेपासून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत सुतळी ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे.

मग रिम. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबला ४० स्पोक आणि पुढच्याला ३२. शिमानोच्या हबला ३६. त्यामुळे जुनी रिम नव्या हबला चालत नाही. रिम बदलली की ब्रेक बदलतो, कारण दांड्याचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर दाबतो आणि त्यासाठी विशिष्ट आकाराची रिम लागते. हे कोडे हबनेच सोडवले. माझ्या हबमध्ये पायब्रेक आहे: पायडल उलटे दाबले की हबच्या आत ब्रेक लागतो. त्यामुळे मागचा दांड्याचा ब्रेक काढून टाकला आणि पुढचा तसाच ठेवला. पुढचा ठेवणे आवश्यकच, कारण चेन तुटली की पायब्रेकही जातो.

शेवटची काळजी आसाची. हलक्या गिअरमध्ये चाकाला जास्त जोर मिळतो, तो जोर आसालाही उलटा फिरवू पाहतो. म्हणून आसावर कान असलेले खास वायसर असतात आणि ते कान खाचेत बसलेच पाहिजेत. साधे वायसर लावून भागत नाही; आस फिरला तर केबल तुटते आणि खाचही खराब होते.

सारे बसवून झाल्यावर मिस्त्रीने चाक फिरवले, एकेक गिअर बदलून आवाज ऐकला आणि म्हणाला, “गुरुजी, हे त घड्याळच आहे जी. पण याचा काटा मोडला त मी कुठून आणू?”

त्याचा हा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे. त्याकडे येण्याआधी थोडे आकडे.

जुन्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. भरल्या सामानाने चढावर ताशी ८ किलोमीटर वेग धरला, तर मिनिटाला २५च फेरे होतात; प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सारे वजन येते. आता मागे २२ दाते लावले आहेत. पाचव्या, म्हणजे सरळ गिअरमध्ये सायकल ४.४ मीटर जाते, पहिल्यामध्ये सुमारे २.३ मीटर आणि आठव्यामध्ये ७.१ मीटर. त्याच चढावर त्याच वेगाने आता मिनिटाला ५७ फेरे होतात. काम तेवढेच, पण ते दुप्पट घासांत विभागले जाते. साठीनंतरच्या गुडघ्यांना हा फरक समजतो.

रानात वापरताना

पंक्चर ही पहिली शंका सगळे काढतात. केबल आणि पायब्रेकचा हात सोडवून मागचे चाक काढणे हे खरेच वेळखाऊ. पण आपल्याकडचे सायकलवाले चाक काढतातच कुठे? टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडबुडा शोधायचा आणि तिथेच पॅच मारायचा. बोरी-बाभळीच्या काट्यांच्या देशात ही पद्धत या हबला अगदी सोयीची आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हात तापलेले हब नाल्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून आसाच्या वर पाणी असेल तर सायकल खांद्यावर घ्यावी किंवा डोंग्यात टाकावी. तापल्या चाकाला घाई करू नये, थोडा वेळ सावलीत थांबावे.

तिसरी, गिअर जुळवण्याची. शिमानोच्या हबमध्ये चौथा गिअर लावून दोन रंगीत रेघा एका ओळीत आणायच्या, एवढेच काम. जुन्या एडब्ल्यूमध्ये केबल ढिली पडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल मोकळेच फिरते. उभे राहून जोर लावणाऱ्याला ते धोक्याचे, म्हणून निघण्याआधी केबल तपासावी. ती वाटेत तुटलीच तर सायकल जड गिअरमध्ये जाते. आतली साखळी तारेने ओढून चौकटीला बांधली की मधल्या गिअरवर घरी येता येते.

आणि वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत माणूस आणि वाघ यांचे वाट्याला येणे ही कथा-कादंबरीतली गोष्ट राहिलेली नाही. घरांतली माणसे गेली आहेत. सायकलस्वार बसलेला, वाकलेला आणि आवाज न करणारा असतो. त्यामुळे पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलातून जायचे नाही, एकटे जायचे नाही आणि वळणावर घंटी वाजवायची, हे नियम मी कोणत्याही गिअरपेक्षा महत्त्वाचे मानतो.

घड्याळाचा काटा

आता मिस्त्रीचा प्रश्न. हे हब समजायला अवघड आहे म्हणून इथे दुरुस्त होत नाही, असे म्हणणे खरे नाही. एटापल्लीतला मेकॅनिक मोटारसायकलचा गिअरबॉक्स रोज खोलतो, आणि तो यापेक्षा सोपा नसतो. फरक एवढाच, की मोटारसायकलचा सुटा भाग चंद्रपूरहून दुसऱ्या दिवशी एसटीने येतो. हबचा येत नाही. कौशल्य भागांच्या मागोमाग येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक एडब्ल्यू हब उघडून दाखवले, तर ग्रहमालिकेचा गिअर मुलांना एका तासात कळेल.

प्रश्न माझ्या छंदापुरता असता तर इथेच थांबलो असतो. पण मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि त्यांच्या जोरावर कितीतरी मुली शाळेत टिकल्या आहेत. दप्तर, मागे धाकटी बहीण, समोर वारा, आणि पायाखाली तोच ५.४ मीटरचा गिअर. तो प्रौढ माणसाला सपाटीवर ठीक आहे. तेरा वर्षांच्या मुलीला जड आहे. तिच्या सायकलला परदेशी हब लावा, असे मी म्हणणार नाही. ते बिघडले की सायकल घराच्या पडवीत उभी राहील आणि मुलगीही.

पण हबगिअरने शिकवलेला हिशेब तिच्या कामाचा आहे. मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे लावले आणि चेनला दोन कड्या वाढवल्या, की तीच सायकल एका फेऱ्यात ४.४ मीटर जाते. पायावरचा भार जवळजवळ अठरा टक्क्यांनी उतरतो. वरचा वेग थोडा जातो, पण शाळेच्या वाटेवर त्याची गरज फारशी पडत नाही. फ्रीव्हील सायकलच्या दुकानात मिळते, बसवायला अर्धा तास लागतो आणि मिस्त्रीला काटा कुठून आणू असे विचारावे लागत नाही. माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत मी हा बदल करून घेतला आहे. काढलेली जुनी फ्रीव्हील त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली होती, आवडले नाही तर परत लावता यावी म्हणून. अजून कोणी परत लावलेली नाही.